अमेरिकेतील काउंटीकडून सार्वजनिक कागदपत्रे कशी शोधावीत आणि कशी मागावीत

अमेरिकेत घर घेण्यापूर्वी त्यावर कोणाचा बोजा आहे का हे पाहायचे असो, शेजारच्या मोकळ्या जागेत काय उभे राहणार आहे हे जाणून घ्यायचे असो, की मुलाच्या जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत काढायची असो, माणसाला बहुतेक वेळा काउंटीच्याच, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या सरकारच्याच, दारात जावे लागते. हे कागद पाहण्याचा हक्क बहुतांश राज्यांत नागरिकत्वावर अवलंबून नसतो, आणि ते कशासाठी हवे आहेत हे सांगण्याचे बंधनही सहसा नसते. तरीही व्हिसावर राहणारी आपली माणसे ‘आपल्याला कोण देणार’ असे समजून विचारतच नाहीत, किंवा जो कागद काउंटी काही डॉलरांत देते त्यासाठी खासगी कंपनीला भरमसाट पैसे मोजतात. घराची नोंदणी झाल्यावर काही आठवड्यांतच सरकारी वाटावे अशा छपाईचे एक पत्र येते आणि त्यात ‘आपल्या खरेदीखताची प्रत मागवा’ असे लिहिलेले असते. असे पत्र काउंटीचे नसते. मूळ खरेदीखत नोंदणीनंतर टपालाने घरी येते, आणि आणखी प्रत लागली तर ती दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे रेकॉर्डरच्या, कार्यालयात अगदी थोडक्या शुल्कात मिळते.

या कामातला निम्म्याहून अधिक भाग अर्ज लिहिण्याच्या आधीच पार पडतो. आपल्याला हवा असलेला कागद कोणत्या कार्यालयात आहे आणि त्या कार्यालयात त्याला काय म्हणतात, हे दोन प्रश्न सुटले की पुष्कळदा अर्जाची गरजच उरत नाही; ते न सुटता केलेला अर्ज मात्र इकडून तिकडे फिरत राहतो.

कायदा राज्याचा असतो

१९६६ साली झालेला ‘फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट’ हा केंद्र सरकारच्या खात्यांना लागू होतो, काउंटीला नाही. काउंटी राज्याच्या कायद्याखाली येते आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. कॅलिफोर्नियात तो ‘पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट’ आहे, टेक्ससमध्ये ‘पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्ट’, न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन लॉ’, फ्लोरिडात राज्याच्या कायद्यांचा ११९वा अध्याय. भारतातील २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची सवय असलेल्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण मुदत, शुल्क आणि अपिलाची वाट या तिन्ही बाबी राज्यागणिक बदलतात आणि एका राज्यातल्या मित्राचा अनुभव दुसऱ्या राज्यात उपयोगी पडेलच असे नाही. चुकीच्या कायद्याचे नाव लिहिले म्हणून अर्ज सहसा फेटाळला जात नाही, पण अर्जदाराला नियम ठाऊक नाहीत हे समोरच्याला पहिल्या ओळीतच कळते. इंटरनेटवर फिरणारे नमुने उचलतानाही जपावे : कॅलिफोर्नियाच्या कायद्याची कलमे २०२३ पासून नव्या क्रमांकांनी, ७९२०.००० पासून पुढे, मांडली गेली आहेत, पण जुन्या नमुन्यांत अजूनही ६२५० हेच कलम दिसते.

व्हर्जिनिया आणि टेनेसी यांसारख्या काही राज्यांनी हा हक्क आपल्या राज्याच्या नागरिकांपुरता ठेवला आहे, आणि असे बंधन घालता येते असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली व्हर्जिनियाच्या प्रकरणात दिला. दुसऱ्या राज्यात राहून तिथला कागद हवा असेल तर हे आधी तपासावे. खरेदीखते व गहाणखते यांच्या नोंदणीपुस्तकांचा प्रश्न वेगळा आहे. ती जगाला कळावीत म्हणूनच नोंदवलेली असतात.

कागद नेमका कोणाकडे आहे

काउंटी म्हणजे एक कचेरी नव्हे. शेरीफ, असेसर, क्लर्क, रेकॉर्डर, ट्रेझरर हे अधिकारी बहुतेक ठिकाणी स्वतंत्रपणे निवडून येतात, आपापले दप्तर सांभाळतात आणि एकमेकांच्या दप्तराला हात लावत नाहीत. लॉस एंजेलिस काउंटीत २०२० च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक माणसे मोजली गेली, तर टेक्ससच्या लव्हिंग काउंटीत अवघी ६४. पहिल्या ठिकाणी एकेका विभागाचे स्वतंत्र ऑनलाइन पोर्टल असते; दुसऱ्या प्रकारच्या लहान काउंटीत एकच क्लर्क अनेक दप्तरे सांभाळतो, आणि तिथे फॉर्म शोधत बसण्यापेक्षा सरळ फोन केलेला बरा.

खरेदीखत, गहाणखत, बोजा, वहिवाटीचा हक्क, भूखंडाचा नकाशा हे सारे रेकॉर्डरकडे असते; काही राज्यांत त्याच अधिकाऱ्याला रजिस्टर ऑफ डीड्स म्हणतात, तर काही ठिकाणी ते काम काउंटी क्लर्क करतो. नावे बदलतातही : शिकागोच्या कुक काउंटीतील रेकॉर्डर ऑफ डीड्सचे स्वतंत्र कार्यालय २०२० च्या अखेरीस काउंटी क्लर्कच्या कार्यालयात विलीन झाले, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून जाणारा माणूस भलत्याच नावाने शोधत राहतो. मिळकतीचे करासाठीचे मूल्यांकन असेसरकडे असते आणि भरलेल्या कराच्या पावत्या ट्रेझरर किंवा टॅक्स कलेक्टरकडे. फ्लोरिडात असेसरऐवजी प्रॉपर्टी अप्रेझर असतो. टेक्ससमध्ये तर मूल्यांकनासाठी अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाची वेगळी संस्थाच आहे. सेप्टिक टाकी, विहीर आणि उपाहारगृहांची तपासणी यांच्या नोंदी पर्यावरण-आरोग्य विभागाकडे सापडतात.

इथे सगळ्यांत जास्त घोटाळा हद्दीचा होतो. टपालाच्या पत्त्यात शहराचे नाव असले म्हणजे घर त्या शहराच्या हद्दीत असतेच असे नाही. कोणत्याही शहरात न मोडणाऱ्या भागात बांधकामाची परमिटे काउंटी देते, शहराच्या हद्दीत ती शहर देते, आणि शाळांचे दप्तर या दोघांकडेही नसून स्कूल डिस्ट्रिक्टकडे असते. मालमत्ता कराच्या बिलावर कोणकोणत्या संस्था कर घेतात ते छापलेले असते. त्यात शहराचे नाव नसेल तर घर बहुधा काउंटीच्या थेट अखत्यारीत आहे असे समजावे आणि असेसरच्या नकाशावर खात्री करून घ्यावी.

सगळीकडे काउंटीचा कारभार असतोच असेही नाही. कनेक्टिकटने १९६० मध्ये काउंटी सरकारे मोडीत काढली आणि तिथली खरेदीखते टाउन क्लर्ककडे नोंदवली जातात. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. न्यूयॉर्क शहरात पाच काउंट्या आहेत. त्यांपैकी चारांची मिळकतीची कागदपत्रे शहराच्या ‘एक्रिस’ या ऑनलाइन व्यवस्थेत दिसतात, पण स्टेटन आयलंडसाठी रिचमंड काउंटीच्या क्लर्ककडे जावे लागते.

अर्ज न करता काय मिळते

पुष्कळ काही मिळते. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या किंवा कमिशनर मंडळाच्या बैठकांची विषयपत्रिका व इतिवृत्ते, मंजूर अंदाजपत्रक, मूल्यांकन, कराची थकबाकी आणि नोंदणीची सूची हे बहुतेक काउंट्या संकेतस्थळावर ठेवतात. मंडळापुढे आलेल्या बहुतेक प्रस्तावांसोबत कर्मचाऱ्यांचा अहवाल जोडलेला असतो आणि तो वाचण्याचा कंटाळा करू नये, कारण कंत्राटाची रक्कम, आधीच्या निर्णयांचे संदर्भ आणि संबंधित अधिकाऱ्याचे पद त्यातच सापडते आणि पुढचा अर्ज नेमका लिहिता येतो.

मिळकतीच्या शोधाची पद्धत एकदा समजून घेण्यासारखी आहे. नोंदणीची सूची दोन बाजूंनी लावलेली असते : देणाऱ्याच्या नावाने आणि घेणाऱ्याच्या नावाने. आधी विकणाऱ्याचे नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधावे, म्हणजे त्याने मिळकत कधी व कोणाकडून घेतली ते कळते. मग त्या तारखेपासून आजपर्यंत तेच नाव देणाऱ्यांच्या सूचीत पाहावे. तिथे डीड ऑफ ट्रस्ट किंवा मॉर्गेज दिसले तर त्याने कर्ज काढले आहे, आणि त्या प्रत्येक कर्जासाठी नंतरच्या तारखेची मुक्ततेची नोंद, म्हणजे रिकन्व्हेयन्स, रिलीज किंवा सॅटिस्फॅक्शन, सापडली पाहिजे. ती नसेल तर एकतर कर्ज अजून चालू आहे किंवा फेडूनही नोंद करायची राहून गेली आहे. कंत्राटदाराने पैसे थकल्याबद्दल लावलेला मेकॅनिक्स लीन आणि कराच्या थकबाकीचा बोजा मालकाच्या नावासमोरच दिसतात. सापडलेल्या प्रत्येक नोंदीचा दस्तऐवज क्रमांक, किंवा जुनी नोंद असेल तर पुस्तक आणि पान, टिपून ठेवावे. काउंटरवर तोच विचारतात. हा शोध स्वतःच्या समाधानासाठी उत्तम आहे, पण मालकीचा शोध घेऊन त्याचा विमा देणाऱ्या टायटल कंपनीच्या शोधाची आणि विम्याची जागा तो घेत नाही.

आपल्या नावांच्या बाबतीत इथे खास काळजी घ्यावी लागते. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लागलेले असते, एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे दोन दस्तांवर असतात, आणि सूची तयार करणाऱ्याने कधी पहिले नावच आडनाव म्हणून चढवलेले असते. पूर्ण नाव टाकून काही सापडले नाही म्हणजे नोंद नाही, असा निष्कर्ष काढू नये. आधी फक्त आडनाव आणि काळ टाकून पाहावे, मग स्पेलिंग बदलून, मग नाव-आडनावाची अदलाबदल करून. कॅलिफोर्नियातील अनेक काउंट्यांच्या असेसरच्या संकेतस्थळावर मालकाचे नाव दिसत नाही, पण कार्यालयात जाऊन पार्सल क्रमांक, म्हणजे भूखंडाचा असेसरच्या दप्तरातला क्रमांक, दिल्यास तेच नाव पाहायला मिळते. ऑनलाइन नाही ते गुप्तच आहे असे समजू नये.

अर्ज कसा लिहावा

जे संकेतस्थळावर नाही आणि काउंटरवरही सहज देत नाहीत, त्यासाठीच लेखी अर्ज करावा. अर्जात प्रश्न विचारू नयेत, कागद मागावेत. ‘या रस्त्याचे काम का रखडले?’ याचे उत्तर देण्यास काउंटी बांधील नाही. पण त्या कामाचे कंत्राट, कंत्राटदाराशी झालेला पत्रव्यवहार, कामात मध्येच केलेल्या बदलांचे आदेश आणि तपासणीच्या नोंदी मागितल्या तर त्या द्याव्या लागतात, आणि कारण त्यांतूनच उमगते. नसलेला कागद नव्याने तयार करून देण्याचे बंधन साधारणपणे कोणत्याही कार्यालयावर नसते.

समजा, काउंटीच्या थेट अखत्यारीतले घर आपण घेणार आहोत आणि मागील दारी बांधलेली खोली परवानगीने बांधली आहे का अशी शंका आहे. मग इंग्रजीत लिहायच्या अर्जाचा मजकूर असा ठेवावा : ‘राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्यान्वये मी पुढील नोंदींची मागणी करीत आहे. अमुक पत्ता, पार्सल क्रमांक अमुक, या मिळकतीसंबंधी १ जानेवारी १९९५ पासून आजपर्यंत दिलेली सर्व बांधकाम परमिटे, सेप्टिक टाकीचे परमिट व त्याचा आराखडा, तपासणीचे अहवाल आणि नियमभंगाच्या नोटिसा. नोंदी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असल्यास ई-मेलने पाठवाव्यात. खर्च २५ डॉलरपेक्षा अधिक होणार असेल तर काम सुरू करण्यापूर्वी अंदाज कळवावा. एखादी नोंद किंवा तिचा काही भाग देता येत नसल्यास त्याचे कलम नमूद करून उरलेला भाग द्यावा.’ एवढे पुरे आहे. आपली हकिकत, आपला राग, वकिलाची धमकी यांपैकी काहीही त्यात घालू नये. अर्ज वाचणारा कर्मचारी तो शोध घेणाऱ्या विभागाकडे जसाच्या तसा पाठवतो, आणि तिथल्या माणसाला पत्ता, काळ आणि कागदाचा प्रकार एवढेच हवे असते.

ई-मेल मागताना हा नेमकेपणा आणखी लागतो. ‘या विषयावरचा सर्व पत्रव्यवहार’ असे लिहिले तर हजारो संदेश निघतात आणि काम महिनोन्‌महिने लांबते. पाठवणारा व घेणारा यांची पदे, तीन-चार शोधशब्द आणि दोन तारखा दिल्या तर तोच शोध आटोक्यात येतो. कॅलिफोर्नियात अधिकाऱ्याने खासगी खात्यावरून केलेला सरकारी कामाचा पत्रव्यवहारही सार्वजनिक नोंद ठरतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवले आहे. आकडेवारी हवी असेल तर पीडीएफऐवजी मूळ स्प्रेडशीट मागावे. ऑरेंज काउंटीने आपल्या भूखंड-नकाशाच्या संगणकीय फाइलसाठी मोठी लायसन्स फी मागितली होती, तेव्हा ती फाइलही सार्वजनिक नोंदच आहे असा निकाल याच न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

बांधकामाच्या आराखड्यांना अपवाद असू शकतो. कॅलिफोर्नियात ते कार्यालयात बसून पाहता येतात, पण त्यांची प्रत काढण्यासाठी आराखडा करणाऱ्याची आणि मालकाची परवानगी लागते. आपण पाहायला जावे आणि टिपणे काढावीत.

खर्च आणि मुदत

नुसते पाहण्यासाठी बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. खर्च प्रतींचा असतो. न्यूयॉर्कमध्ये साध्या आकाराच्या पानाला २५ सेंटपर्यंत घेता येतात. इलिनॉयमध्ये कृष्णधवल प्रतींची पहिली ५० पाने मोफत आणि पुढे पानाला १५ सेंटपर्यंत. फ्लोरिडात एका बाजूच्या पानाला १५ सेंट आहेत खरे, पण काम मोठे असेल तर कर्मचाऱ्याच्या वेळेचे पैसेही लावता येतात, म्हणून तिथे अंदाज मागण्याची ओळ कधीच गाळू नये. रेकॉर्डरच्या प्रतींचे दर या कायद्याबाहेरचे, वेगळे ठरवलेले असतात. टेक्ससमध्ये खर्च ४० डॉलरच्या वर जाणार असेल तर तपशीलवार अंदाज पाठवतात, आणि त्याला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिले नाही तर अर्ज मागे घेतला असे धरतात. खुलासा मागणाऱ्या पत्राकडे दुर्लक्ष केले तरी काही काळाने तेच होते. अर्ज केल्यावर ई-मेलचे स्पॅम फोल्डरही पाहत राहावे ते यासाठी.

मुदतीचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण निराशा इथेच होते. कॅलिफोर्नियात दहा दिवसांत ‘देण्याजोग्या नोंदी आहेत की नाहीत’ एवढा निर्णय कळवायचा असतो, आणि विशिष्ट कारणांसाठी त्यात १४ दिवसांपर्यंत वाढ होते. कागद त्यानंतर, सांगितलेल्या अंदाजाप्रमाणे येतात. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये पाच कामकाजाच्या दिवसांत निदान पोच आणि पुढची तारीख मिळायला हवी. इलिनॉयमध्ये पाच कामकाजाचे दिवस व तेवढीच वाढ, जॉर्जियात तीन. फ्लोरिडात दिवसांचा आकडाच नाही. पहिले पत्र आले पण कागद आले नाहीत, म्हणून नियम मोडला असे होत नाही. मात्र त्या पत्रात दिलेली तारीख उलटून गेली तर त्याच दिवशी, पोच क्रमांक देऊन, सौम्य शब्दांत विचारावे. शेवटी कागद शोधणारे माणूसच असते, आणि नीट बोलणाऱ्या अर्जदाराला ते फोनवर ‘याऐवजी अमुक फाइल मागा’ असेही सुचवते.

नकार आला तर

चालू तपास, वकिलाशी झालेला सल्लामसलतीचा व्यवहार, कर्मचाऱ्यांची वैयक्तिक व वैद्यकीय माहिती, सोशल सिक्युरिटी क्रमांक या गोष्टी झाकण्याचे अधिकार जवळपास सगळीकडे आहेत. पण एका परिच्छेदात गोपनीय मजकूर आहे म्हणून अख्खा अहवाल रोखता येत नाही. तेवढ्या ओळी काळ्या करून उरलेला द्यावा लागतो. नकार तोंडी स्वीकारू नये, लेखी आणि कलमासह मागावा. ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ हे उत्तरसुद्धा लेखी असावे, आणि ते आल्यावर त्या विभागाचे कागद-जतनाचे वेळापत्रक मागून पाहावे, कारण ठराविक वर्षांनंतर पुष्कळ कागद कायद्यानेच नष्ट केले जातात.

पुढची वाट राज्याप्रमाणे आहे. न्यूयॉर्कमध्ये नकारानंतर ३० दिवसांत काउंटीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचे आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा. पेन्सिल्व्हेनियात ऑफिस ऑफ ओपन रेकॉर्ड्सकडे १५ कामकाजाच्या दिवसांत अपील होते आणि त्याला शुल्क नाही. इलिनॉयमध्ये अ‍ॅटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयातील पब्लिक अ‍ॅक्सेस काउन्सेलरकडे ६० दिवसांत दाद मागता येते. टेक्ससमध्ये उलट चाल आहे : कागद रोखायचा असेल तर बहुतेक प्रकरणांत काउंटीनेच दहा कामकाजाच्या दिवसांत अ‍ॅटर्नी जनरलचे मत मागवायचे असते, आणि आपल्यालाही तिथे लेखी म्हणणे मांडता येते. कॅलिफोर्नियात मधली पायरी नाही, थेट न्यायालयात जावे लागते; पण अर्जदार जिंकला तर त्याच्या वकिलाचा खर्च सरकारी कार्यालयाला सोसावा लागतो, त्यामुळे वकिलाचे एक साधे पत्रही तिथे वजनदार ठरते.

या वाटेने न मिळणारे कागद

खटल्याचे कागद न्यायालयाच्या क्लर्ककडून त्यांच्या नियमांनी घ्यावे लागतात. दिवाळखोरीचे खटले फेडरल न्यायालयात चालतात, म्हणून ते काउंटीत शोधू नयेत. स्वतःची इमिग्रेशनची फाइल यूएससीआयएस या केंद्राच्या इमिग्रेशन खात्याकडे केंद्राच्या कायद्याखाली मागावी लागते. जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले सहसा सार्वजनिक नोंदींच्या अर्जाने मिळत नाहीत. त्यांचा अर्ज वेगळा असतो आणि पुष्कळ राज्यांत नातेही दाखवावे लागते. कॅलिफोर्नियात जन्मदाखल्याच्या दोन प्रकारच्या प्रती मिळतात, आणि त्यांपैकी ‘केवळ माहितीसाठी’ असा शिक्का असलेली प्रत ओळख पटवण्याच्या कामी चालत नाही, तेव्हा अर्जावर अधिकृत प्रतीची खूण केली आहे ना हे पाहावे. भारतातल्या कामासाठी अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून जोडायचे प्रमाणपत्र, लागणार असेल तर काउंटीकडून आधी प्रमाणित प्रत घ्यावी आणि अपॉस्टिलसाठी ती राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, किंवा त्या राज्यात हे काम ज्या खात्याकडे असेल तिथे, पाठवावी. काही राज्यांत प्रत किती जुनी चालते आणि सही कोणत्या अधिकाऱ्याची हवी याचे नियम आहेत, म्हणून काउंटीत प्रत मागतानाच ‘परदेशात वापरण्यासाठी हवी आहे’ असे सांगावे.